जेम फर्मिन उभी राहते

इंग्लंडातल्या किमान चाळीस मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत जेमायमा फर्मिन भिंतीवर टांगलेली आहे, पण मानेपासून खाली. मानेच्या वर कुणी डचेस असते, कुणी अर्लची लेक, कुणी नवी नवरी. पाहुणे येतात, चित्रापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "मनगट बघा काय नाजूक आहे. खानदानी रक्त लपत नाही." ते मनगट स्पिटलफील्ड्सच्या एका रेशीम विणणाऱ्याच्या मुलीचं आहे, आणि थंडीत ते आखडलं की त्याला मोहरीचा लेप मी लावते.

मी हॅना ट्रॉट. लेस्टर फील्ड्सला मिस्टर वेनेबल नावाचे चित्रकार राहतात. त्यांच्या घरची चूल, चाव्या आणि नोकरमाणसं अठरा वर्षं माझ्या ताब्यात आहेत. वेनेबलसाहेब चेहरे काढतात. चेहऱ्याखालचं काढणं त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना जमतही नाही. मोठ्या घरची बाई येते, तीन वेळा तासभर बसते, मध्ये दोनदा जांभई देते आणि जाते. मग एका पेटीत तिचा झगा येतो. तो जेम अंगात घालते आणि चौथऱ्यावर उभी राहते. समोर बसून तो झगा रंगवतात ते ओबडाया पिम, म्हणजे आमचे पिमकाका. साठीचे, एकटे, डोळे कॅनव्हासला टेकवून काम करणारे. साटीन आणि मखमल त्यांच्यासारखी लंडनमध्ये कुणी काढत नाही. स्वतःचा तपकिरी कोट मात्र दहा वर्षं तोच.

जेम आमच्याकडे पहिल्यांदा आली ती कापड घेऊन. साहेबांना निळ्या साटिनीचा नमुना हवा होता. बापाने विणलेला तागा खांद्यावर सोडून ती खिडकीपाशी उभी राहिली. साहेब आणि पिमकाका रंगावरून भांडायला लागले ते तासभर भांडले. भांडण संपल्यावर बघतात तर मुलगी तशीच्या तशी उभी, कापडाची एक घडी हललेली नाही.

"दमली नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"कशाने?" ती म्हणाली.

तेव्हापासून ती आमचीच झाली. दिसायला म्हणाल तर काही नाही. नाक फेंदारलेलं, गालांवर देवीचे व्रण. पण खांदे असे उतरते, आणि उभं राहणं असं, की कितीही जड झगा तिच्या अंगावर आपणहून शहाणा होतो. तिला त्याचा भारी अभिमान. खाली माझ्या स्वयंपाकघरात पाव आणि चीज खाता खाता सांगायची, "गेल्या महिन्यात मी व्हायकाउंटेस होते, ट्रॉटबाई. फार हाल झाले. खांदे उघडे आणि शेकोटी विझलेली." किंवा, "आता नवरी आहे. नवऱ्याचं तोंड अजून पाहिलं नाही, पण लेस चांगली आहे." अकरा वर्षांत तिने एकदाही "जरा बसू का" म्हणून विचारलं नव्हतं. माशी नाकावर बसली तर माशी कंटाळून उठायची, जेम हलायची नाही.

याच न हलण्यापायी तिने बहीण गमावली. ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जेम चौथऱ्यावर होती, अंगात चंदेरी जरीचा झगा. तो झगा त्याच संध्याकाळी त्याच्या मालकिणीला दरबारात घालून जायचा होता, म्हणून तिची दासी दारात पेटी उघडी ठेवून ताटकळत बसलेली. पिमकाकांची एक बाही तेवढी राहिली होती. तेवढ्यात स्पिटलफील्ड्सहून शेजारीण धावत आली. आईचं काही खरं नाही, धाकटी केझाया उशाशी बसलीय, आई जेमला बोलावतेय. जेमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उभीच राहिली. "एवढी बाही होऊ दे," म्हणाली, "मग पळतच जाते." आईची दुखणी याआधीही अशीच आली होती आणि गेली होती. बाहीला दोन तास लागले. जेम पोचली तेव्हा आई गेलेली होती. केझाया दारात उभी होती. अख्खी गल्ली जमलेली. तिने मोठ्या बहिणीकडे पाहून एवढंच विचारलं, "बाही झाली का?" आणि त्यानंतर सात वर्षं तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

आता त्या चित्राकडे येते.

आल्डरमीअरच्या काउंटेसला दोन मुली. थोरली लेडी लुइसा, धाकटी लेडी हेन्रिएटा. दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या. एका नाचाच्या वेळी लुइसाच्या मागे लागलेल्या माणसाने हेन्रिएटाबरोबर तीन नाच केले म्हणे, तेव्हापासून दोघी एका गाडीत बसत नसत. हेन्रिएटाचं लग्न एका मार्क्विसच्या मुलाशी ठरत आलं होतं, आणि घरातली ही शोभा बाहेर कुजबुजली जात होती. काउंटेसबाई साहेबांना म्हणाल्या, "एप्रिलच्या प्रदर्शनात माझ्या दोन्ही मुली एका चित्रात दिसल्या पाहिजेत. गळ्यात गळा घालून. अगदी जीव की प्राण."

"होय, बाईसाहेब," साहेब म्हणाले. साहेब नाही कशाला म्हणतील.

मग कपड्यांवरून आठवडाभर घोळ झाला. काउंटेसबाईंना यंदाची फॅशन हवी. साहेब म्हणाले, यंदाची फॅशन दहा वर्षांनी बघून लोक हसतील. जुन्या काळच्या देवींसारखे सैल, झुळझुळीत झगे घाला, छातीखाली जरीचा पट्टा बांधा, कमर आवळायची ताठ चोळी आत नको. शेवटी तडजोड झाली. केस यंदाचे, हातभर उंच, वर पिसं, आणि खाली मोतिया साटिनीच्या देवी. पायांशी एक कोकरू. मुली चेहरा द्यायला आल्या त्या एक मंगळवारी आणि एक गुरुवारी. मंगळवारी लुइसा उजवीकडच्या हवेकडे पाहून मायेने हसली. गुरुवारी हेन्रिएटा डावीकडच्या हवेकडे.

चेहरे झाले. आता धडं हवी होती, तीही एकमेकींना मिठीत घेतलेली. आमच्याकडे एक लाकडी बाहुली आहे, माणसाच्या उंचीची, सांध्यांत वाकणारी. पण पिमकाकांनी साफ नकार दिला. म्हणाले, कमरेवर हात दाबला की साटिनीला जी सुरकुती पडते ती लाकडावर पडत नाही. दोन जिवंत बायका पाहिजेत, आणि खांदे सारखे पाहिजेत, कारण त्या बहिणी आहेत.

"जेम, तुला बहीण आहे ना?" साहेब म्हणाले.

"नाही," जेम म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "आहे."

बोलवायला मला जावं लागलं. केझाया लग्न करून वॉपिंगला राहत होती, नवरा सायलस थेम्सवर होडी चालवणारा. मी गेले तेव्हा ती वाम सोलत होती. हातातली सुरी तिने थांबवली नाही.

"तिने पाठवलंय?"

"साहेबांनी."

"म्हणजे ती म्हणाली नाही, केझीला बोलवा म्हणून."

"तिची हिंमत आहे का?"

यावर तिने वामाचं डोकं उडवलं. मग म्हणाली, "नदी गोठलीय. सायलसची होडी महिना झाला काठाला अडकून पडलीय आणि तो घरात बसून मला अक्कल शिकवतोय. येते मी. पण तुमच्या त्या बाईंना सांगा, उभी राहीन, बोलणार नाही."

"तिथे बोललेलं चालतच नाही," मी म्हटलं.

जानेवारीच्या शेवटी काम सुरू झालं, आठवड्याला तीन दिवस. दोन बायका कपडे बदलणार, म्हणून मी मोजे विणत कोपऱ्यात बसायचे. चौथऱ्यावर जेमचा हात केझीच्या कमरेभोवती, केझीचा हात जेमच्या खांद्यावर, गालाला गाल लागेल इतक्या जवळ. सात वर्षं न बोललेल्या दोघी, आणि अंगावर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोघींचे झगे. मला हसू आवरायचं नाही. निरोप सगळे माझ्या मार्फत.

"ट्रॉटबाई, तुमच्या त्या बाईंना सांगा, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुततंय."

"ट्रॉटबाई, तिला म्हणावं, चुकलं."

"त्यांना म्हणावं, चुकलंबिकलं राहू दे, कोपर हलवा."

"कुणीच काही हलवू नका," पिमकाका कॅनव्हासच्या मागून ओरडायचे.

जेम मात्र त्या दिवसांत वेगळीच झाली होती. घरून निघताना बहिणीसाठी गरम बन आणायची आणि माझ्या हाताने द्यायला लावायची. केझी खायची, पण विचारायची नाही कुठून आला. एकदा जेम माझ्याजवळ बसून म्हणाली, "तिने एकदा माझ्याशी सरळ बोलावं, ट्रॉटबाई. शिव्या घातल्या तरी चालेल. चित्र एप्रिलात संपेल आणि ती वॉपिंगला निघून जाईल, मग पुन्हा कशी यायची ती? मला दुसरं काही नको." असं बोलणारी बाई नव्हती ती. मला गलबलून आलं, आणि मी उगीच तिला कांदे चिरायला दिले.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी ती खाली आली आणि दार लावून घेतलं.

"केझीला दिवस गेलेत."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या हाताला कळलं. आधी माझी बोटं तिच्या पट्ट्याच्या गाठीपर्यंत पोचायची. आता चार बोटं कमी पडतात."

"मग विचार तिला."

"मी? मी कुठल्या तोंडाने विचारू?" ती म्हणाली. "तीन गेलीत तिची, ट्रॉटबाई. तिन्ही वेळा मला शेजारणीकडून कळलं. बोललं की जातं असं तिच्या मनाने घेतलंय. सायलसलासुद्धा सांगितलं नसेल तिने."

दुसऱ्याच दिवशी चौथऱ्यावर उभं राहून अर्धा तास झाला असेल, आणि जेम म्हणाली, "पिमकाका, माझा पाय दुखतोय. जरा बसते."

पिमकाकांच्या हातून कुंचला पडला. त्यांना वाटलं, मेली की काय. अकरा वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. जेम बसली, आणि एक बसल्यावर दुसरी एकटी उभी राहून करणार काय, म्हणून केझीही बसली. मग रोजचंच झालं. दर अर्ध्या तासाला जेमचा पाय दुखायचा. कधी पाठ, कधी चक्कर. केझीला तू बस म्हटलं असतं तर ती हट्टाने संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती.

"ट्रॉटबाई, त्यांना म्हणावं वय झालं," केझी म्हणाली. "दुसरा धंदा बघा म्हणावं."

यापेक्षा झोंबणारं जेमला जगात कुणी काही बोलू शकलं नसतं. तिने ते गिळलं आणि पोटरी चोळत बसून राहिली. मला खरं सांगून टाकायची इतकी सुरसुरी आली की विणकामाचे चार टाके सुटले. पण जेमने मला डोळ्यांनी दटावलं.

मार्च आला. चित्रासाठी आणून ठेवलेल्या कोकराची पार मेंढी व्हायला आली होती. जनावरं काढणारा माणूस शनिवारी यायचा, तो तक्रार करायचा की हे दर आठवड्याला मोठं होतंय, मी काढू तरी कसं. कोकरू वाढतंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं. केझीकडे मात्र कुणाची नजर गेली नाही, एक पिमकाकांची सोडून, आणि ते बाईकडे बघतच नव्हते, साटिनीकडे बघत होते. देवींचा झगा सैल, आत ताठ चोळी नाही, त्यामुळे दर आठवड्याला कापड थोडं जास्त ताणलं जायचं आणि उजेड त्यावर जास्त गोल पडायचा. पिमकाका खुशीत. "काय सुंदर भरलीय ही घडी," म्हणायचे आणि आधीचं खरवडून नव्याने काढायचे. साहेब तेव्हा बाथला गेले होते, तिथल्या बायकांचे चेहरे काढायला. जेमला आणि मला कळत होतं का, चित्रात काय होतंय ते? चौथऱ्यावरच्या बाईला चित्र दिसत नाही. आणि मी, देवाशपथ सांगते, झग्याचं काम कसं चाललंय हे कधी उठून पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

एप्रिलच्या मध्याला साहेब परत आले. त्यांनी चित्र पाहिलं, म्हणजे चेहरे पाहिले, आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी येऊन चित्र प्रदर्शनाला जाणार होतं. त्याआधी दुपारी काउंटेसबाई दोन्ही मुलींना घेऊन बघायला आल्या. बाई आणि हेन्रिएटा घरच्या बंद गाडीतून आल्या, लुइसा नाक्यावरची भाड्याची डोली करून. पिमकाका शेवटचा हात फिरवत होते, त्यामुळे जेम आणि केझी चौथऱ्यावरच होत्या.

काउंटेसबाईंनी दांडीची भिंगं डोळ्याला लावली.

"मिस्टर वेनेबल, हेन्रिएटाच्या हातात काय आहे?"

"काही नाही, बाईसाहेब. हात मोकळा ठेवलाय."

"मग झग्याच्या आत काय आहे?"

आता मी उठले आणि चित्र पाहिलं. पिमकाकांनी आयुष्यात काढलेली सगळ्यात सुंदर साटीन होती ती. आणि तिच्या आत लेडी हेन्रिएटा, वय एकोणीस, लग्न व्हायचं होतं, उघड उघड सात महिन्यांची होती.

"मला वाटतं, मम्मा," लेडी लुइसा शांतपणे म्हणाली, "ते जूनमध्ये कळेल."

हेन्रिएटाने पंखा फेकला, तो मेंढीला लागला. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ते पिमकाकांकडे वळले, तर पिमकाका म्हणाले, "मला जे दिसलं ते मी काढलं. खोटी घडी मला काढता येत नाही." मग सगळ्यांच्या माना एकदम चौथऱ्याकडे वळल्या. तिथे केझी होती, आणि लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"या बाईला आधी बाहेर काढा," काउंटेसबाई म्हणाल्या. "लाज नाही वाटत? असल्या अवस्थेत माझ्या मुलीचा झगा अंगात घालून उभी राहते. हिच्या पोटापायी माझ्या मुलीचं लग्न मोडायचं." आणखीही पुष्कळ बोलल्या. केझीचे कान लाल झाले होते. ती पडद्याआड गेली, झगा काढून माझ्या हातात दिला, स्वतःचे कपडे चढवले आणि मान वर ठेवून जिन्याकडे निघाली. मी तिच्या मागे जायला निघाले, तोवर साहेबांचे हुकूम सुटले होते. हेन्रिएटाचा झगा जेमने घालावा, आत्ताच्या आत्ता, आणि उजेड आहे तोवर पिमकाकांनी ते पोट खरवडून कमर काढावी.

जेमने झगा घातला. ती चौथऱ्यावर चढली. सवयच होती ती.

इकडे केझी जिन्याच्या मध्यावर थांबली. कठडा धरला आणि पायरीवर बसली. "ट्रॉटबाई," म्हणाली, "कळ आली." एवढी तिखट बाई, पण तो आवाज लहान मुलीचा होता. मी वर पळाले आणि दारातून सांगितलं, केझीला कळा येताहेत, जिन्यावर बसलीय.

"दाई बोलवा, काय ते करा," साहेब म्हणाले. "जेम, तू हलू नकोस. तासाभराचं काम आहे. गाडी पहाटेच यायचीय."

पिमकाकांनी कुंचला खाली ठेवला. बाहीच्या दिवशीही तेच बसले होते तिथे.

जेम म्हणाली, "साहेब, मी जाते."

"या चौथऱ्यावरून उतरलीस तर पुन्हा चढायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि उतरली. झगा तरी काढ, असं काउंटेसबाई म्हणत होत्या, तोवर ती जिन्यात होती.

दारात लुइसाची भाड्याची डोली उभी होती, दोन आयरिश भोई तिच्या दांड्यांवर टेकून पाइप ओढत होते. जेमने केझीला धरून आणलं, डोलीचं दार उघडलं आणि तिला आत बसवलं.

"ओ बाई," पुढचा भोई म्हणाला, "ही एका लेडीसाठी थांबलीय."

जेम त्याच्याकडे वळली. मोतिया साटीन, जरीचा पट्टा, आणि ते खांदे. ती नुसती उभी राहिली, जशी मी तिला अकरा वर्षं पाहत आले. चेहऱ्याकडे बघायची त्या माणसांना छातीच झाली नाही.

"वॉपिंग," ती म्हणाली. "आणि हिसके बसता कामा नयेत."

भोयांनी पाइप खिशात घातले, टोप्या काढल्या आणि डोली उचलली. तिघी निघालो, एक आत, दोघी चालत.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. कळा खोट्या होत्या. दाईने गरम बिअर पाजली, पाय उंच करून झोपवलं, आणि मूल यायचं तेव्हाच आलं, जूनच्या अखेरीस, गलेलठ्ठ आणि रडकं. पिमकाकांनी लाकडी बाहुलीला उरलेला दुसरा झगा चढवून पाहिला आणि सोडून दिला. त्यांनी लेडी हेन्रिएटाच्या हातात गुलाबांची एक भलीमोठी परडी दिली, जिथे द्यायला हवी तिथेच. प्रदर्शनात ती परडीच गाजली. बहिणींची माया बघून बायका डोळे पुसत होत्या म्हणे. हेन्रिएटाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. लुइसाची डोली गेल्यामुळे त्या दिवशी तिला आई आणि बहिणीबरोबर एकाच गाडीतून घरी जावं लागलं, पण डोलीचं भाडं तिने कुरकुर न करता पाठवून दिलं. आणि आमच्या साहेबांनी उन्हाळाभरात पाच मुली चौथऱ्यावर चढवून पाहिल्या. पाचही हलल्या. शेवटी मलाच जेमला आणायला धाडलं. ती आली, पण आता दर तासाला बसते, आणि खरंच पाय दुखतो म्हणून बसते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. केझीचं हे चौथंही जातंय, असंच आम्हा तिघींना वाटत होतं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. स्ट्रँडवर घोट्यापर्यंत राड. डोलीच्या खिडकीचा पडदा केझीने आतून ओढून घेतला होता. जेम खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून बाजूने चालत होती, पायांत साटिनीच्या पातळ सपाता. लोक थांबून बघत होते, एवढ्या थाटाची बाई भोयांबरोबर पायी का चाललीय ते. मागे मी, हातात तिचे रोजचे कपडे आणि जोडे घेऊन, धापा टाकत. जोडे तरी घाल म्हणून मी दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. चौकट सोडून वाकायला ती तयार नव्हती.

लडगेट हिलच्या चढावर कोळशाची एक गाडी बाजूने गेली आणि जेमच्या कमरेपर्यंत काळा चिखल उडाला. त्या आवाजाने पडदा बाजूला झाला. केझीने बाहेर पाहिलं. तिचा चेहरा घामाने भिजलेला होता. तिने खिडकीवरच्या त्या हाताकडे पाहिलं, मग खाली झग्याकडे, मग वर.

"ताई," ती म्हणाली, "झगा चिखलात जातोय."

"जाऊ दे," जेम म्हणाली.